दोन वर्षांच्या मुलासोबत घरची बाग: सुरुवात तीन कुंड्यांपासून

आमच्या लेकीने पहिल्यांदा बी पेरलं तेव्हा ती एक वर्ष दहा महिन्यांची होती. चवळीचे चार दाणे मी तिच्या तळहातावर ठेवले. तिने एकेक उचलून मातीत खुपसला, वरून थोपटलं, पाणी ओतलं. सगळं कसं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत गॅलरीत गेलो तर बाई कुंडीसमोर उकिडव्या बसलेल्या, आणि चारही दाणे फरशीवर ओळीने मांडलेले. "नाई आलं," मला म्हणाली. परत पेरले. तिसऱ्या दिवशी परत बाहेर. चौथ्या दिवशी एका दाण्याला पांढरं शेपूट फुटलेलं दिसलं, ते तिने ओढून बघितलं आणि ते तुटलं.

मी चिडलो. नंतर लक्षात आलं की चिडण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. बी मातीत आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती काढायला गेली. 'चार-पाच दिवसांनी येईल' यातले चार-पाच दिवस मात्र तिच्या हिशेबात कुठे बसत नव्हते. मी एकाच कुंडीकडून दोन कामं करून घेऊ बघत होतो. रोप यावं ही माझी हौस, माती उकरावी ही तिची. दोन्ही एका कुंडीत नांदत नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे तीन कुंड्यांची पद्धत आहे, आणि पुढचं सगळं त्याच पायावर उभं आहे.

तीन कुंड्या

पहिली नुसत्या मातीची कुंडी. हिच्यात काहीही लावायचं नाही. ही उकरायला, भरायला, ओतायला, चिखल करायला. जुनी परात किंवा पसरट टब असेल तर कुंडीपेक्षा बरा.

दुसरी मुलाची कुंडी. हिच्यात मूल पेरतं, पाणी घालतं, तपासतं, आणि मनात आलं तर उपटतंही. इथे मोठ्यांनी बोलायचं नाही. रोप जगलं तर आनंद, मेलं तर दुसरं बी.

तिसरी राखीव कुंडी. त्याच दिवशी, त्याच पुडीतलं बी मोठ्यांनी गुपचूप या कुंडीत टाकायचं आणि ती मुलाच्या हाताबाहेर ठेवायची. मुलाच्या कुंडीत काही उरलं नाही तर तिथलं एक रोप आणून लावायचं. यात फसवाफसवी वाटत असेल तर सरळ सांगा, "हे तिकडचं रोप तुझ्या कुंडीत लावूया." मुलाला त्याचं काही वाटत नाही, उलट रोप हलवण्याचं एक काम जास्तीचं मिळतं.

ही कल्पना काही माझी नवी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने 1840 साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याच्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा वेगळा आणि सगळ्यांचा मिळून सामाईक वाफा वेगळा असायचा. आपल्या 'बालवाडी'तही वाडी आहेच की. शब्द रोज वापरून त्यातली झाडं आपल्याला दिसेनाशी झाली, एवढंच.

आधी जागा बघून घ्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एकदा नीट केला की नंतर रोज मुलावर ओरडावं लागत नाही.

सगळ्यात आधी गॅलरीचा कठडा. कुंडी, स्टूल, मातीचं पोतं, उलटी बादली, यातली कुठलीही गोष्ट मुलासाठी पायरी होते. कठड्यालगत चढता येईल असं काही ठेवू नका. मुलाची कुंडी भिंतीच्या बाजूला, आतल्या अंगाला. गॅलरी अरुंद असेल आणि हे जमत नसेल तर खिडकीजवळ घरातच फरशीवर बाग करा, उजेड तेवढा बघा. टांगत्या कुंड्या आणि स्टँड मूल धरून उभं राहतं, म्हणून ते हलतंय का बघा. दहा लिटरची कुंडी ओल्या मातीने भरली की सहज बारा-पंधरा किलोची होते, म्हणजे मुलाच्याच वजनाची. अशी कुंडी उंचावर नको. खाली, आणि तीही पसरट बुडाची.

दुसरं, साठलेलं पाणी. लहान मूल अवघ्या 5 सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, कारण तोंडावर पडल्यावर त्याला डोकं वर काढून उठता येत नाही. बागेतली बादली, टब, पाण्याचं पिंप काम झालं की लगेच रिकामं किंवा घट्ट झाकलेलं. कुंडीखालच्या ताटल्याही ओता. उबदार हवेत डासाच्या अंड्याचा आठवडा-दहा दिवसांत डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ताटली रिकामी करून घासायची. घासणं महत्त्वाचं, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. हे काम मुलाला द्यायला उत्तम आहे. जुना ब्रश आणि ओली ताटली, दहा मिनिटं शांतता.

तिसरं, आधीपासून घरात असलेली झाडं. मूल रांगायला लागलं की प्रत्येक झाडाचं नाव माहीत असलं पाहिजे. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड, मोगली एरंड, घाणेरी, शेर ही झाडं मुलाच्या वावरात नकोतच. गुंजेच्या आणि एरंडाच्या बिया दिसायला मण्यांसारख्या सुंदर असतात आणि नेमक्या त्याच सर्वांत घातक आहेत. शोभेच्या झाडांपैकी डिफेनबॅकिया, कॅलेडियम आणि घरोघरी असलेला मनी प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंड भाजल्यासारखं होतं, जीभ सुजते. ही झाडं टाकून द्यायलाच हवीत असं नाही, पण उंचावर न्या, आणि त्यांच्या लोंबत्या वेली खाली येऊ देऊ नका.

एवढं करूनही मुलाने काही चावलंच तर तोंडातलं काढा, तोंड पुसून-धुऊन घ्या, ओकारी काढायला लावू नका, आणि त्या झाडाची फांदी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. 'हिरवं काहीतरी होतं' या वर्णनावर त्यांना काही करता येत नाही.

खतं, औषधं, कात्री कुलपात. यात कडुलिंबाचं तेलही आलं. ते झाडापासून मिळतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण लहान मुलांच्या पोटात गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

सामान

खेळण्यातली प्लास्टिकची बागकामाची पेटी घेऊ नका. तिचं खुरपं दुसऱ्या दिवशी वाकतं आणि मूल वैतागतं. जुना स्टीलचा मोठा चमचा हे दोन वर्षांच्या मुलाचं सर्वांत चांगलं खुरपं. मूठ बसते, माती उचलली जाते, टोक बोथट असतं. सोबत एक वाटी, एक जुना मग, एक ब्रश. अंथरायला गोणपाट किंवा जुनी चादर. वर्तमानपत्र नको, ओलं झालं की त्याचा लगदा होतो आणि तो लगदाच खेळ बनतो.

झारी ही खरी कळीची वस्तू. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, आणि दोन वर्षांचं मूल साधारण बारा किलोचं. त्याच्या हातात मोठी झारी देणं म्हणजे आपल्या हातात पाच-सहा किलो देऊन 'सांडू नकोस हं' म्हणण्यासारखं आहे. अर्ध्या लिटरच्या आतली झारी घ्या. नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने सात-आठ भोकं पाडा. बाटली उलटी करून दाबली की बारीक धारा येतात. बाटली रिकामी व्हायला वेळ लागतो, म्हणजे काम जास्त वेळ पुरतं आणि पाणी कमी जातं. मला हा शोध लागायला तीन रोपं सडावी लागली.

मुलाची कुंडी साधारण 30 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच असावी. उंच कुंडीत मुलाला आत काय चाललंय ते दिसत नाही, मग ते कुंडीवर ओणवं होतं. तळाला भोकं हवीतच. मुलाच्या कुंडीला मी नेहमीपेक्षा दुप्पट भोकं पाडतो. का, ते पाण्यापाशी कळेल.

पहिला दिवस: नुसती माती

पहिल्याच दिवशी पेरणीची घाई करू नका. माती कालवणं हाच एक दिवसाचा कार्यक्रम आहे आणि माझ्या मते सगळ्या बागकामात मुलाला सर्वांत जास्त देणारा भाग हाच.

साधी बागेची माती, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, आणि भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तिन्ही समप्रमाणात. ताजं शेण किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत मुलाच्या कुंडीत घालू नका. त्यातले जंतू हातावरून तोंडात जायला काही क्षण पुरतात. रस्त्याकडेची किंवा जुना रंग पोपडे होऊन पडलेल्या भिंतीलगतची माती आणू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मांजरं जिथे घाण करतात तिथलीही नको. घरी मांजर येत असेल तर मातीचा टब रात्री झाकून ठेवा.

खताची किंवा मातीची पिशवी मूल लांब असताना उघडा आणि आधी पाणी शिंपडून घ्या. कोरड्या खताच्या धुळीत बुरशीचे कण असतात, क्वचित लेजिओनेलासारखे फुप्फुसाचा आजार करणारे जिवाणूही. ओली झाली की धूळ उडत नाही. काच, तारा, टोकदार खडे आधीच चाळून काढा.

मग मुलाला बोलवा. कोकोपीटची कोरडी वीट परातीत ठेवून मुलाला मगाने पाणी घालू द्या. वीट फुगते, कडा ढासळतात, पाणी गायब होतं. आमच्याकडे यावर पाऊण तास गेला. त्यानंतर तीन ढीग: काळा, तपकिरी, लालसर. चमच्याने एकाचं दुसऱ्यात. मूल मिसळतं कमी आणि इकडचं तिकडे जास्त करतं. शेवटी दोन हात आपण फिरवायचे.

तोंडात माती जाणार का? जाणार. चिमूटभर चुकून गेली तर घाबरण्याचं कारण नाही, तोंड पुसून पुढे चला. मूठभरून, रोज, आवडीने खात असेल तर मात्र बाग थोडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. शरीरात लोह कमी असलं तरी मुलं माती खातात. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, एवढं लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा.

काय लावायचं

निवडताना एकच प्रश्न विचारा: किती दिवसांत काहीतरी दिसेल? चव, उपयोग, शोभा सगळं नंतर.

मूग भिजवून ओल्या फडक्यात ठेवले तर उबदार हवेत एक-दोन दिवसांत मोड दिसतो. मेथी आणि मोहरी मातीत तीन-चार दिवसांत वर येतात. झेंडू चार ते सात, चवळी आणि घेवडा साधारण आठवडा, सूर्यफूल आठवडा-दहा दिवस. धन्याला आठ ते पंधरा, मिरचीला दहा-पंधरा दिवस आणि गाजराला दोन-तीन आठवडेही लागतात, म्हणून ही तिन्ही सध्या विसरा. गोल, लहान जातीचा मुळा थंड हवेत 25 ते 30 दिवसांत उपटायला येतो आणि उपटणं हे तर या वयाचं आवडतं काम.

माझी पहिली पसंती मात्र बियाण्याला नाहीच, ती लसणाच्या पाकळीला. चिमुकल्या बोटांत नीट धरता येते, टोक वर की खाली हे दाखवता येतं, उलटी लावली तरी वळसा घेऊन वर येते, आणि मुलाने रोज काढून बघितली तरी बऱ्यापैकी सहन करते. आठवड्याभरात हिरवं टोक. चवळीपासून सुरुवात केली ही माझी चूक. लसणापासून करायला हवी होती.

बियाणं घेताना पाकीट नीट वाचा. शेतीसाठीच्या बियाण्याला पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी म्हणजे तेच. ते मुलाच्या हातात द्यायचं नाही. आणि राजमा नको. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे चार-पाच दाणे चावून खाल्ले तरी जोराच्या उलट्या होऊ शकतात.

दाणे मोजून द्या आणि मोजून पेरा. "चार दिले, चार मातीत गेले." हे अंक शिकवण्यासाठी नव्हे, पाचवा दाणा नाकात गेलेला नाही हे कळण्यासाठी. हरभरा, चवळी, घेवडा घशात अडकण्याच्या मापाचे असतात, म्हणून मूल पेरत असताना फोन उचलायचा नाही. नाकात किंवा कानात बी गेलंच तर पाणी घालू नका, ओलाव्याने ते फुगतं आणि जास्त घट्ट बसतं. पिन-चिमटा न लावता थेट डॉक्टरकडे. दीड वर्षाच्या आतल्या मुलाच्या हातात दाणे देऊच नका. पेरणी आपली, थोपटणं त्याचं.

थोडी हात लावायची झाडंही ठेवा. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली तर आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरते. पानओव्याचं पान जाड, लवदार असतं. चोळलं की हाताला वास राहतो. लाजाळू तर जादूच आहे, फक्त तिच्या खोडाला काटे असतात म्हणून पानालाच बोट लावू द्या. गवती चहाचं पातं मऊ दिसतं, पण त्याची कड ब्लेडसारखी कापते. ते कोपऱ्यात.

पेरणी

सकाळी, पोट भरलेलं असताना, झोपेची वेळ जवळ नसताना. उन्हाळ्यात दहाच्या आत किंवा चारनंतर. पूर्ण काम दहा मिनिटांत आटपेल असं ठेवा. कुंडी आधीच भरलेली, पाणी भरलेलं, दाणे वाटीत. तयारी मुलासमोर करत बसलात तर त्याचं लक्ष तयारीतच संपतं आणि पेरायच्या वेळी ते चप्पल घालून निघालेलं असतं.

चवळी-घेवड्यासारखे मोठे दाणे आदल्या रात्री आठ-दहा तास भिजत घाला, उगवायला मदत होते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं असा नियम आहे. मुलाच्या बाबतीत तो असा पाळा: मोठ्या दाण्यासाठी मुलाच्या तर्जनीचं पहिलं पेर मातीत जाईल एवढं भोक. "बोट घाल. बोट काढ. दाणा टाक. झाक." चार छोटी वाक्यं, प्रत्येक दाण्याला तीच, त्याच सुरात. तिसऱ्या दाण्याला मूल स्वतः म्हणायला लागतं.

बारीक बी मुलाला पेरता येत नाही. चिमूट जमत नाही, मूठ जमते, आणि मुठीतलं सगळं एकाच जागी पडतं. मेथी किंवा मोहरी वाटीभर कोरड्या वाळूत मिसळा आणि ती वाळू शिंपडू द्या. दाट पडली तरी चालतं; पुढे विरळणी करायची आहेच आणि ते उपटायचं काम आहे.

दाणा उलटा गेला, दोन एकाच भोकात गेले, एक कडेला पडला, तरी हात घालून सुधारू नका. निदान मूल बघत असताना तरी. उलट्या दाण्याचं मूळसुद्धा वळून खालीच जातं.

वाट बघायची कशी

माझ्या लेकीची उकरण्याची खोड सुटली ती एका प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीमुळे. काच नको. बरणीच्या आतल्या बाजूने टिपकागद किंवा सुती फडक्याची गुंडाळी लावा, मध्ये ओला कापूस कोंबा म्हणजे फडकं कडेला चिकटून राहतं, आणि फडकं व बरणी यांच्यामध्ये चवळीचे तीन-चार दाणे सरकवा. तळाला बोटभर पाणी. बी बाहेरून दिसतं.

ही बरणी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. पहिल्या दिवशी दाणा फुगतो, साल सुरकुतते. दोन-तीन दिवसांत पांढरं मूळ बाहेर येतं. कोंब आधी येईल असं आपल्याला वाटत असतं, पण आधी मूळ. मग मान वाकवलेला कोंब वर सरकतो आणि एका सकाळी दोन जाड दलं उघडतात. लेक रोज उठल्या उठल्या तिथे. "बाबा, शेपूत मोथं झालं." मातीतल्या दाण्यांना त्या आठवड्यात तिने हात लावला नाही. काय चाललंय ते तिला बरणीत दिसत होतं.

कोंब आला की बरणी खिडकीशी ठेवा. दोन दिवसांत तो उजेडाकडे झुकतो. बरणी अर्धी फिरवा, परत वळतो. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसला सोबत घेऊन अशाच कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून बघितलं होतं. टोक झाकलं की कोंब वळत नाही, हे त्या बापलेकांनी 1880 साली प्रसिद्ध केलं. टोपीचा प्रयोग आपण नंतर करू, सध्या बरणी फिरवणंच पुष्कळ.

दाणे मोडावलेले दिसले की मूल ते तोंडात घालेल. कच्चे मोड लहान मुलांना देऊ नयेत, मोड येण्याच्या ओल्या उबेत जिवाणूही वाढतात. शिजवून द्या.

पाणी, म्हणजे रोजचं भांडण

लहान मुलांच्या बागेतली बहुतेक रोपं पाण्याने मरतात, पाण्यावाचून नव्हे. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते आणि मुळांना ती लागते. फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, बुरशी येते आणि कोवळं रोप जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. मुलाला तर एकदा पाणी घालून भागत नाही. त्याला झारी रिकामी करायची असते आणि परत भरायची असते.

इथे 'पुरे आता' म्हणून उपयोग नाही. पाणी जायला दुसरी जागा द्यायची. आमचा क्रम असा: आधी बोट. पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं आणि बोट बघायचं. माती चिकटली तर ओली, रोपाला आज सुट्टी. बोट कोरडं आलं तर एक बाटली, एकच. त्यानंतरचं सगळं पाणी मातीच्या टबात, फरशीवर, भिंतीवर, आपल्या पायावर. कोरड्या फरशीवर ओल्या ब्रशने रंगवणं आणि ते वाळून नाहीसं होताना बघणं यात अर्धा तास सहज जातो. भोकं दुप्पट पाडलेली असतात ती ज्या दिवशी हा क्रम मोडतो त्या दिवसासाठी. तो आठवड्यातून एकदा मोडतोच.

पाइपने पाणी घालत असाल तर आधीचं पाणी सोडून द्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी कातडी भाजेल इतकं तापलेलं असतं.

उपटणं आणि तोडणं

रोपं चार बोटं वर आली की विरळणी. कुठलं उपटायचं हे मुलाला ठरवू द्या. सर्वांत मोठं, सर्वांत चांगलं रोपच ते उपटणार, मन घट्ट करा. उपटलेल्या रोपाची मुळं पाण्याच्या वाटीत हलवून दाखवा. माती सुटते आणि पांढरे धागे पसरतात.

तोडण्याच्या बाबतीत आमच्याकडे एक नियम आहे, आणि एवढाच आहे: विचारून तोडायचं. 'तोडू नकोस' हा नियम दोन वर्षांचं मूल पाळू शकत नाही. 'हे तोडू?' असं विचारायला मात्र शिकतं, कारण बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. आणि खाण्याआधी मोठ्यांना दाखवायचं, धुऊन घ्यायचं, आपल्या बागेतलं असलं तरी. टोमॅटो लावला असेल तर लाल फळ खायचं, पानं आणि देठ नाही, हे दर वेळी सांगावं लागेल. आणि लहान गोल टोमॅटो उभे चिरूनच द्या, अख्खा घशात अडकतो.

किडे

आपण दचकलो तर मूल दचकतं. मला स्वतःला गांडुळाची किळस होती. लेकीसमोर दोन महिने नाटक केल्यावर खरंच गेली. गांडुळाला डोळे नसतात आणि ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, त्यामुळे ओल्या हातावर, सावलीत, घटकाभरच. मग "त्याच्या घरी" परत. गोगलगाय बघावी, हात लावला तर धुवावा. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, त्याचे केस कातडीत घुसून आग होते. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी मिळाली तर ती मारू नका. दोन-चार पानं जातील, पण सगळं नीट झालं तर महिन्याभरात फुलपाखरू. मावा आणि पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. फवारणी करायची वेळ आली तर मूल घरात.

मूल येतच नसेल तर

येईल किंवा नाही येणार. काही मुलांना ओल्या मातीचा स्पर्शच आवडत नाही. हात झटकतात, रडतात. त्यांना चमचा द्या, हातमोजे द्या, नुसतं पाणी द्या. आठवडाभर फिरकलं नाही तरी हाका मारू नका. आपण आपली कुंडी उकरत बसायचं. बाबा एकटाच काहीतरी करतोय हे सहन होत नाही, ते येऊन पाठीवर चढतं.

दोन वर्षांच्या आत ओतणं, थोपटणं, चोळून वास घेणं एवढंच काम धरा. दोन ते अडीचमध्ये पेरणं, एक बाटली पाणी, उपटणं. तीन वर्षं पूर्ण होता होता चमच्याने खड्डा करून रोप लावणं, सुकलेली पानं वेचणं, आणि आपल्याला हुकूम सोडणं.

आवराआवर हाही कामाचाच भाग आहे. चमचा आणि मग पाण्याच्या टबात बुडवणं, गोणपाट झटकणं, पायपुसण्यावर पाय. हात साबणाने, नखांसकट, वाहत्या पाण्याखाली वीसेक सेकंद. मग टब रिकामा.

आणि एक झेंडू लावाच. पेरल्यापासून दोनेक महिन्यांत फूल येतं. त्यातलं एक तोडायचं नाही, झाडावरच पूर्ण वाळू द्यायचं. वाळलेलं फूल मुलाच्या हातात द्या आणि पाकळ्या धरून ओढू द्या. आतून काळ्या, शेपटीवाल्या बियांचा जुडगा निघतो. आमच्या लेकीने तो जुडगा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चमचा आणायला पळाली.